जाणारा वेग

"हे सगळं येणाऱ्याचं झालं. जाणाऱ्याचा वेग किती?" तिने विचारलं.

इंटरनेट कंपनीच्या माणसाचं बोट रंगीत पत्रकावर होतं तिथेच थांबलं. "म्हणजे अपलोड? ताई, ते कोणी विचारत नाही हो. लोकांना सिनेमे बघायचे असतात."

"मला सिनेमा नाही, आई बघायची आहे."

चाव्या बनवायच्या तिच्या दुकानात एकच स्टूल होतं आणि त्यावर तो बसला होता, म्हणून ती उभी होती. हा तिसरा. आधीच्या दोन कंपन्यांची माणसं आकडे पाढ्यांसारखे म्हणून दाखवून गेली होती. नाव मोठं, लक्षण खोटं. अपलोड म्हणजे घरातून बाहेर किती पटकन जातं, हे उलट तिलाच त्यांना समजावून सांगावं लागलं होतं.

आई दिवसभर घरात एकटी असे. तिला विसरायला होऊ लागलं त्याला तीन वर्षं झाली. मागच्या वर्षी ती अनवाणी बाहेर पडली आणि दुपारी कुणा परक्यांच्या जिन्यात बसलेली सापडली. तेव्हापासून मुलगी निघताना दाराला कुलूप लावायची. आतूनही चावीशिवाय उघडणार नाही असं कुलूप तिनेच निवडलं, तिनेच बसवलं. सोबतीला दोन बायका ठेवून पाहिल्या, दोघीही महिनाभर टिकल्या नाहीत. दुकान बंद ठेवावं तर मायलेकींनी खायचं काय? इकडे आड, तिकडे विहीर. दूरच्या शहरातल्या धाकट्या भावाने खोलीत लावायला एक कॅमेरा पाठवला आणि हात झटकून तो मोकळा झाला.

कॅमेरा चांगला होता. इंटरनेट मात्र गोगलगाय. दुकानात येऊन फोन उघडला की एक चित्र यायचं. आई खिडकीशी खुर्चीत, हात मांडीवर. मग त्या चित्रावर नुसतं गोल फिरत राहायचं. तासाभराने दुसरं चित्र आलंच, तर त्यातही आई खुर्चीतच. शांत बसली आहे बिचारी, असं ती मनाशी म्हणायची. आणि लगेच जिवाला घोर लागायचा. हे चित्र आत्ताचं की मघाचं? मधल्या वेळात पडली असेल तर? हातातली कानस घसरायची आणि केलेली चावी फुकट जायची.

"आमच्याकडे येतं तेवढ्याच वेगाने जातं," पत्रकाच्या तळाची बारीक अक्षरं वाचून तो माणूस म्हणाला. त्यालाही हे आत्ताच कळलं असावं. तिने अर्जावर सही केली.

मंगळवारी संध्याकाळी घरात नव्या इंटरनेटची तार आली. बुधवारी सकाळी तिने दुकानात येऊन फोन उघडला, तर चित्र चक्क हलत होतं. खिडकीचा पडदासुद्धा वाऱ्याने हलताना दिसला. खुर्ची रिकामी होती.

आई दाराशी उभी होती. तिच्या हातात वडिलांच्या वेळच्या जुन्या चाव्यांचा जुडगा होता. ती एक चावी कुलपात घालायची, फिरवून पाहायची, काढायची, पुढची घालायची. पाय दुखले की खुर्चीत येऊन टेकायची, हात मांडीवर ठेवायची. जरा दम खाल्ला की पुन्हा दाराशी. सगळा संसार चावीवाल्याबरोबर केलेली बाई ती. कुलूप कधी अडत नाही, आपल्याला चावी सापडलेली नसते, हे नवऱ्याचं वाक्य तिच्यात अजून शिल्लक होतं. बाकी बरंच गेलं होतं.

मुलीला वाटलं, आपण आईला कोंडलं आहे आणि ती रोज सुटायला धडपडते आहे. त्या जुडग्यातली एकही चावी त्या कुलपाला लागणार नव्हती. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? समोर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. तिने फोनवरचं, कॅमेऱ्यातून घरात बोलायचं बटण दाबलं.

"आई, दमशील गं. बस ना जरा."

आईने इकडेतिकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे नाहीच. मग तिचा चेहरा उजळला आणि ती दाराला अगदी खेटून उभी राहिली.

"आले गं, आले. बाहेरच राहिलीस ना तू? रडू नको हं. उघडते मी."

आणि तिने घाईघाईने पुढची चावी घातली.

गिऱ्हाइकांना हात जोडून मुलीने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि ती घरी पळत गेली. दार उघडताच आईने तिला पोटाशी धरलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "किती वेळ उभी होतीस गं!" आई म्हणाली. रात्री मुलीने जुडगा लपवला. गुरुवारी आई चमच्याच्या दांड्याने कुलूप उघडत होती. शुक्रवारी चमचे लपवले, तर नखांनी. मुलगी फोनमधून बोलली की आई घाई करायची, आणि गप्प राहिली की सावकाश. थांबत मात्र नव्हती. मुलगी फोन उघडून बसायची, आणि बघण्यापलीकडे तिला काही करता येत नव्हतं.

शनिवारी दुपारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. "काय ताई, कसं आहे चित्र? अडकत नाही ना कुठे?"

"नाही," ती म्हणाली. "एक क्षणही नाही."

"बघा! मी म्हटलंच होतं. आणखी काही मदत हवी का?"

"तुमच्याकडे," तिने विचारलं, "याहून हळू काही मिळेल का?"