पडण्याचा आवाज

"चपला बाहेर!" मास्तर ओरडले.

शेजारच्या टेलरबाई मॅटच्या मधोमध उभ्या होत्या. पायांत चपला तशाच. मास्तर या हॉलमध्ये चाळीस वर्षं ज्युदो शिकवत होते, पण मॅटवर चपला घालून आजवर कुणी आलं नव्हतं. वीस मुलं सराव थांबवून बघत राहिली.

"मास्तर, वहिनी पडल्या."

तास पडण्याचाच चालू होता. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांना आधी त्या हसण्याचा राग आला. मग त्यांना बाईंचा चेहरा दिसला.

घर हॉलच्या पाठीलाच होतं. मधे एक भिंत. भिंतीपलीकडे बाथरूम, आणि तिथे ओल्या फरशीवर त्यांची बायको कुशीवर पडलेली. नळ वाहत होता. मास्तरांनी आधी नळ बंद केला. असं का केलं, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही.

दवाखान्यातली डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. ती म्हणाली, "डोक्याला मार नाही. एकही हाड मोडलेलं नाही. या वयात ओल्या फरशीवर इतकं नीट कुणी पडत नाही, काका."

"मग?"

"उठता आलं नाही त्यांना. कोपरं बघा, गुडघे बघा, सगळे सोललेत. तासभर तरी धडपडल्या असतील. हृदय आधीच अशक्त होतं, ते दमलं आणि थांबलं. घरात जवळपास कुणी नव्हतं का?"

मास्तर एका भिंतीपलीकडे होते.

"आणि हात असे लाल कशाने झाले, ते काही कळत नाही."

मास्तरांना कळलं. तळव्यापासून कोपरापर्यंत, दोन्ही हात सारखेच लाल. नव्या विद्यार्थ्याचे असेच होतात. पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावायची आणि दोन्ही हात एकदम जमिनीवर आपटायचे. मार हातांवर जातो, डोकं वाचतं. हे त्यांनी हजारोंना शिकवलं होतं. बायकोला नव्हतं शिकवलं.

तिने विचारलं होतं. गेल्या वर्षीच, भाजी निवडता निवडता.

"अहो, चाळीस वर्षं लोकांना पाडताय. बायकोला नीट पडायला तरी शिकवा."

मास्तर हसले होते. "तुझे गुडघे बघ आधी."

"पडायला कशाला लागतात गुडघे? ते उठायला लागतात."

"जाऊ दे गं. हाडं गोळा करत बसायला मला वेळ नाही."

ती परत बोलली नाही. ती शिकली कुठे, हे त्यांना कळेना. पण त्याहून वाईट गोष्ट त्यांना दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर आठवली. सकाळी त्यांनी तो आवाज ऐकला होता. मुलांची धपधप चालू असताना मागून एक स्वच्छ आवाज आला, दोन्ही हात एकदम. ते वळून म्हणाले होते, "शाब्बास! कोण ते? असा आवाज आला पाहिजे!" कुणी हात वर केला नाही. लाजलं असेल, असं त्यांना वाटलं. मग तासभर ते मुलांना म्हणत राहिले, "आणखी जोरात! आणखी!" मुलांनी हॉल दणाणून सोडला. तिने हाक मारली असेल, तर ती त्याच तासात.

दोन आठवडे हॉल बंद होता. रविवारी टेलरबाई आल्या, मागे आणखी तीन बायका. चौघींनी चपला बाहेर काढल्या, ओळीने लावल्या.

"आम्ही वहिनींच्या शिष्या," टेलरबाई म्हणाल्या.

मास्तरांना काही उमगेना.

"दर रविवारी तुमचा तास सुरू झाला, की आम्ही तुमच्या मागच्या खोलीत गादी टाकायचो. वहिनी भिंतीला कान लावून बसायच्या. तुम्ही इकडे ओरडलात 'हनुवटी आत', की त्या तिकडे आमच्यावर ओरडणार. तुमच्याहून कडक होत्या हो! त्या दिवशी मी त्यासाठीच आले होते, पण आम्हा सगळ्यांनाच उशीर झाला. मागचं दार उघडं होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"म्हणाल्या, हसतील परत."

मास्तरांनी विचारलं, "किती शिकलात?"

"पडणं झालं सगळ्यांचं. उठणं तेवढं कळेना. तुम्ही उठायला शिकवता तेव्हा पलीकडे काही ऐकूच येत नाही. वहिनी म्हणायच्या, गप्प झाले बघा, म्हणजे आता उठवत असतील."

खरं होतं. मास्तर चौदा वर्षांचे असताना त्यांच्या गुरूंनी तसंच शिकवलं होतं. पडणं सांगून शिकवायचं, उठणं दाखवून. गुरू समोर बसायचे, एक गुडघा मुडपायचे, हात टेकायचे आणि उठायचे. तोंडातून शब्द नाही. मास्तरांनी चाळीस वर्षं तेच केलं. त्यात बदलण्यासारखं काही आहे, असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

"दाखवू?" टेलरबाईंनी विचारलं.

चौघी मॅटवर उकिडव्या बसल्या आणि मागे पडल्या. हनुवटी आत. आठ हात, एकच आवाज. स्वच्छ.

मास्तर शाब्बास म्हणाले नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "आधी कुशीवर वळा." मग पुन्हा म्हणाले, मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल असं. "कुशीवर वळा. मग..."

पुढचं शब्दांत कसं सांगायचं, ते त्यांना सुचेना. मागे चौघी कुशीवर वळून वाट बघत होत्या.

उठायला शिकवायचं राहिलं होतं.