आपल्या हातची भाकर

ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाचं तबक बाकांवरून हातोहात पुढं येऊ लागलं, तशी सगुणानं पदर सावरून मान खाली घातली. तबकातली भाकर, पापी माणसांसाठी मोडलेल्या ख्रिस्ताच्या देहाची खूण, दर खेपेला तिच्याच तव्यावर भाजलेली असायची. पाळकसाहेब तिचं कौतुक करत. ती मात्र तबक आलं की एकही तुकडा न उचलता पुढं सरकवायची.

भांडणाच्या भरात तिनं सासूला घराबाहेर काढलं होतं. म्हातारी लेकीकडे गेली आणि तिथंच वारली. माफी मागायची राहूनच गेली. तेव्हापासून भाकर भाजताना त्या वासानं तिचा जीव आसुसायचा, पण देवळात हात पुढं होत नसे.

आज ती लेक, एस्तेर, नेमकी शेजारी येऊन बसली. सगुणानं नजर न उचलता तबक तिच्याकडे सरकवलं. एस्तेरनं एक तुकडा घेतला, मोडला आणि अर्धा सगुणाच्या तळहातावर ठेवला.

"नको वन्सं, मी त्या लायकीची नाही," सगुणा पुटपुटली.

"आपण लायक असतो, तर ही भाकर मोडावी लागली असती का, वहिनी? घ्या, खा."

सगुणानं तुकडा तोंडात घातला. इतकी वर्षं आपणच भाजलेली भाकर कशी लागते, ते तिला आज कळलं.