दिवसाची गोष्ट

"दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, साहेब. अंधार पडू द्या," टोपली विणता विणता म्हातारबा म्हणाले.

आई सांगायची ती गोष्ट मुळात कुठली, हे शोधत पाच गावं पालथी घालून मी या डोंगरावरच्या पाड्यावर पोचलो होतो. शेवटची एसटी चारला होती.

"मला मामाच नाही, बाबा. सांगा," म्हणत मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यांनी नाइलाजाने टोपली बाजूला ठेवली. आईला अर्धीच ठाऊक असलेली गोष्ट इथे पूर्ण झाली. आनंदाच्या भरात मी ती तिथूनच भाचीला पाठवून दिली.

उतरायची वाट सरळ होती, फाटा एकही नव्हता. तरी शेंदूर फासलेला तोच दगड तिसऱ्यांदा समोर आला. एसटीचा हॉर्न ऐकू आला, पण कुठल्या बाजूने ते कळेना.

तेवढ्यात भाचीचा मेसेज आला.

"मामा, कसली भारी गोष्ट आहे! ऐकून झाली. आता पुन्हा पहिल्यापासून लावलीय."