माळ्यावरची द्राक्षं

तीन दिवस धुकं हटलं नव्हतं आणि विनयाचा जीव थाऱ्यावर नव्हता. इटलीतल्या वालपोलिचेल्लात ती कामाला होती त्या घराच्या माळ्यावर 'आमारोने' नावाच्या वाइनसाठी द्राक्षं सुकत होती, आणि अशा दमट हवेत ती कुजायची भीती होती. तासगावला तिच्या घरचा बेदाणा पंधरा दिवसांत व्हायचा. इथं शंभर दिवस सुकवावं, तेव्हा कुठं ती दाट, कडसर रेड वाइन व्हायची.

आज सकाळी तिला कुबट वास आला. कुणाला न विचारता तिनं कोपऱ्यातले ट्रे खाली उतरवले.

"हात लावायला कुणी सांगितलं?" मालकीणबाई ब्रुना दारातूनच कडाडल्या. "पन्नास वर्षं हेच करतेय मी. ऊन पडेल उद्या!"

नोकरी जाणार, हे विनयाला दिसत होतं. तरी तिनं एक घड मधोमध फोडला. वरून निरोगी दिसणाऱ्या त्या घडाच्या पोटात करडी बुरशी होती.

ब्रुनाबाईंनी तो घड हातात घेऊन पाहिला. मग बाह्या सरसावून शेजारी बसल्या आणि एकेक घड उलगडू लागल्या. संध्याकाळपर्यंत अर्धा माळा तपासून झाला. त्यातला तिसरा हिस्सा फेकावा लागला.

"उद्या मला लवकर उठव," जिना उतरताना त्या म्हणाल्या.