नळ्यांची अदलाबदल

गर्दीच्या दिवशी रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्यांवर लेबलं आधीच चिकटवून ठेवायची पद्धत. हर्णैच्या शाळेत एका मुलीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाच्या जागी रेघ. माणसाचा हात न लागणारी प्रयोगशाळा, जिथे यंत्र जुने जपलेले नमुने एकेक करून पुन्हा तपासतं.

सोमवारी यंत्राला दोन नळ्यांची अदलाबदल सापडली. ज्या पितृत्व-अहवालावरून यशवंत सावर्डेकरने चोवीस वर्षांपूर्वी बायको कुमुद आणि तान्ही मुलगी सोडली, तो रद्द झाला. त्या मुलीच्या, शर्वरीच्या, सगळ्या कागदपत्रांवर बापाचं नाव आपोआप उमटलं. मंगळवारी यशवंत शुद्धिपत्र घेऊन हर्णैला पोचला.

शर्वरी अंगणात बोटीचं इंजिन उघडून बसली होती.

“मी यशवंत. तुझा...”

“माहितीये. कालपासून माझ्या ओळखपत्रावर आहात. नाव काढायचा अर्ज कुठे करतात, ते विचारलंत का येताना?”

“चूक माझी नव्हती गं. नळ्या बदलल्या होत्या.”

“कोण आलंय?” आतून कुमुदने विचारलं.

“यंत्रानं पाठवलंय, आई. तू खरं बोलत होतीस म्हणे.”

भांडी घासण्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

“चहा दे त्यांना,” कुमुद म्हणाली. “आणि साडेचारची एसटी आहे म्हणावं.”

यशवंत कागदाची घडी घालत उभाच राहिला.

पहिल्या अहवालानंतर आठवडाभरातच कुमुदने फेरतपासणीचा अर्ज भरला होता. त्यावर फक्त यशवंतची सही व्हायची राहिली.