ग्रहणातली वांगी

"डॉक्टर, आईनं ग्रहणात वांगी चिरली तर बाळाचा हात लुळा पडतोय व्हय?"

मैत्रिणींनी मिसळीची पैज लावली, म्हणून तेजस्वीनं आपला लुळा डावा हात सावरत भर वर्गात विचारलं. शाळेत आलेल्या डॉक्टरबाईंनी फळ्यावर मानेतून हातात उतरणाऱ्या नसा काढल्या. "नाही गं. जन्मताना खांदा अडकतो, मान ओढली जाते, नसा ताणल्या जातात. आईचा काय दोष?"

घरी तिनं सगळं सांगितलं. संध्याकाळी ग्रहण लागलं, तशी आई दर ग्रहणासारखी विळी फळीवर ठेवून, हात मांडीत घेऊन बसली.

"बसू दे, सवय हाय तिला," पप्पा म्हणाले.

तेजस्वीनं विळी खाली घेतली. उजव्या हातानं डावा उचलून वांग्यावर ठेवला.



"आई, पप्पा, आजपासनं ग्रहणात भाजी मीच चिरणार. वाकडी झाली तर दोष माझा!"