पॉलिशचे तीन हात

संघर्षच्या लेझर मशीनवर कापलेल्या प्रत्येक लाकडी वस्तूला त्याची आई, बेबीताई, स्वतः पॉलिशचे तीन हात देत असे. मसाल्याच्या बरण्यांचा जाळीदार स्टँड पोचवायला आज तीच खामगावातल्या पुष्पांजलीच्या नव्या घरी गेली.

“अगं बाई, कित्ती नाजूक!” पुष्पांजलीने स्टँड छातीशी धरला. “पाण्यानं खराब तं नाही न होणार, मावशी?”

“नळाखाली तेवढा धरू नका. लाकूड फुगते, जाळी तुटते. कोरड्या फडक्यानं पुसला, तं वीस वर्सं टिकते.”

“एक थेंब लागू देत नाही, पाहा तुम्ही! बसा न, चहा ठेवते. राह्यता कुठं?”

“भीमनगरात.”

चहाचा विषय पुन्हा निघाला नाही. बेबीताई चपला घालून अंगणात आली, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून नळाचा आवाज आला. तिने वळून पाहिले. पुष्पांजली स्टँड नळाखाली धरून साबणाने घासत होती.



बेबीताईची आई जळण विकायला न्यायची, तेव्हा घरात घेण्याआधी लोक मोळीवर चारच थेंब शिंपडायचे.